न झालेल्या झुंजी

मुष्टियुद्धाचे शोकीन जेथें जमतात तेथें एक वाद हटकून निघतो. जॅक डेम्प्सी आणि जो लुई हे दोघे आपापल्या भर उमेदीच्या काळांत समोरासमोर आले असते, तर जिंकलें कोण असतें? रॉकी मार्सियानोचा रेटा मुहम्मद अलीच्या चपळाईला पुरून उरला असता कीं नाहीं? या प्रश्नांना खरें उत्तर मिळणें शक्य नाहीं, हें वाद घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतें. डेम्प्सीनें अजिंक्यपदासाठीं शेवटची झुंज दिली ती १९२७ सालीं. त्या वेळीं जो लुई १३ वर्षांचा पोर होता. मार्सियानो १९५६ सालीं निवृत्त झाला, तेव्हां पुढें मुहम्मद अली या नांवानें जगप्रसिद्ध झालेला कॅशस क्ले अवघा १४ वर्षांचा होता. एक पिढी रिंगणांतून उतरते तेव्हां पुढची पिढी अजून शाळेच्या बांकावर बसलेली असते, आणि काळाचा हा दोर कोणालाहि ओलांडतां येत नाहीं.

मग या वादांत शहाण्या माणसानें पडावें कशाला? त्याचें उत्तर असें कीं, निकाल लागत नसला तरी वाद नीट घालतां येतो, आणि नीट घातलेल्या वादांतून पुष्कळ कांहीं हातीं लागतें. नियम बदलले म्हणजे माणसें कशीं बदलतात, आंकड्यांवर विश्वास किती ठेवावा, आठवणीचा रंग डोळ्यांवर कसा चढतो, या साऱ्या गोष्टी या एका प्रश्नाच्या पोटांत दडलेल्या आहेत. शिवाय न झालेल्या झुंजींमध्यें कांहीं अशाहि आहेत कीं, ज्या काळामुळें नव्हे तर माणसांच्या अन्यायामुळें झाल्या नाहींत. त्यांचा विचार केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं.

या वादाचा निकाल यंत्राकडून लावून घेण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न नभोवाणीवरच झाला, हें श्रोत्यांना विशेष वाटेल. १९६७ सालीं अमेरिकेंतील मायामी शहरीं मरे वोरोनर नांवाच्या नभोवाणी-निर्मात्यानें सलिव्हनपासून अलीपर्यंतचे १६ हेवीवेट अजिंक्यवीर निवडले. प्रत्येकाची चपळाई, ठोशाची ताकद, मार सोसण्याची शक्ति, जखम होण्याचा संभव इत्यादि गुणांविषयीं जाणकारांचीं मतें गोळा करण्यांत आलीं आणि तीं आंकड्यांच्या रूपानें एका संगणकाला पुरविण्यांत आलीं. यंत्रानें जो निकाल सांगितला त्याचें, जणूं झुंज डोळ्यांपुढें चालली आहे अशा थाटांत, वर्णन करून तें ध्वनिक्षेपित केलें गेलें. शेवटच्या सामन्यांत मार्सियानोनें डेम्प्सीला १३व्या फेरींत लोळविलें, असें यंत्राचें म्हणणें पडलें.

गंमत पुढेंच आहे. या कागदी स्पर्धेंत मुहम्मद अलीला जेम्स जेफ्रीजकडून पराभव पत्करावा लागला. जेफ्रीज म्हणजे १८९९ सालीं अजिंक्यपद मिळविलेला पुरुष! सैन्यांत भरती होण्यास नकार दिल्यामुळें अलीचें अजिंक्यपद त्याच वर्षीं काढून घेण्यांत आलें होतें. रिंगणांत त्याला हरविणारा कोणी निघाला नव्हता, आणि आतां यंत्रानें त्याला हरविलें! अलीनें १० लाख डॉलर्सची फिर्याद लावली. तडजोडीअंतीं असें ठरलें कीं, अली आणि मार्सियानो यांनीं कॅमेऱ्यासमोर लुटुपुटूची झुंज द्यावी आणि तिचा शेवट संगणकाच्या उत्तराप्रमाणें जुळवावा. १९६९ सालीं हें चित्रीकरण झालें. मार्सियानोचें वय तेव्हां ४५ वर्षांचें होतें. निवृत्तीला १३ वर्षें होऊन गेलीं होतीं. त्यानें पुष्कळ वजन उतरविलें आणि विरळ झालेले केस झांकण्यासाठीं डोक्यावर टोप चढविला. शेवट अनेक तऱ्हांचे घेऊन ठेवले होते, आणि त्यांतला खरा कोणता हें दोघांनाहि सांगितलें नव्हतें. मार्सियानोला तो कधींच कळला नाहीं. चित्रीकरणानंतर थोड्याच आठवड्यांनीं, ३१ ऑगस्ट १९६९ रोजीं, तो विमानाच्या अपघातांत मरण पावला. जानेवारी १९७० मध्यें चित्रपटगृहांत जमलेल्या लोकांनीं पाहिलें तें असें कीं, मार्सियानो १३व्या फेरींत अलीला गारद करतो. युरोपांत मात्र अली विजयी झाल्याचा शेवट दाखविण्यांत आला. एकाच झुंजीचे दोन देशांत दोन निकाल लागावे, यापेक्षां या खटाटोपावर अधिक बोलकी टीका कोणती असणार?

यंत्राचा यांत दोष नव्हता. गिरणींत जें धान्य घालावें त्याचेंच पीठ बाहेर पडतें. अमक्याच्या चपळाईला इतके गुण आणि तमक्याच्या धैर्याला तितके, हें अखेर माणसांनींच ठरविलें होतें. तेव्हां संगणकाचा निर्णय म्हणजे जाणकारांचीं मतेंच होतीं. फक्त तीं गणिताचा अंगरखा घालून आलीं होतीं. आणि जाणकारांच्या मतांचा भरंवसा तरी किती धरावा? ‘द रिंग’ या मुष्टियुद्धाला वाहिलेल्या मासिकाची स्थापना १९२२ सालीं करणारा नॅट फ्लायशर हा आपल्या काळचा मोठा अधिकारी पुरुष गणला जाई. त्याच्या यादींत पहिला जॅक जॉन्सन, दुसरा जेफ्रीज, तिसरा फिट्झसिमन्स आणि चौथा डेम्प्सी असा क्रम होता. लुई, मार्सियानो व अली हे तिघेहि त्यानें पाहिले होते. तरी पहिल्या तीन जागा विसाव्या शतकाच्या आरंभींच्या वीरांनींच अडविलेल्या राहिल्या. फ्लायशरचा जन्म १८८७ चा. ज्यांना पाहून तरुणपणीं छाती भरून आली त्यांची उंची माणसाच्या मनांत पुढें कमी होत नाहीं; उलट वर्षागणिक वाढत जाते.

आतां तुलना करावयाचीच, तर प्रथम नियमांचा विचार केला पाहिजे. ‘मुष्टियुद्ध’ हा शब्द एकच असला तरी तो खेळ मात्र निरनिराळ्या काळीं एकच नव्हता. जॉन एल. सलिव्हन यानें ८ जुलै १८८९ रोजीं मिसिसिपी संस्थानांत जेक किलरेनशीं जी झुंज दिली ती उघड्या मुठींची होती. त्या जुन्या नियमांप्रमाणें फेरीला ठराविक वेळ नसे. एक मनुष्य खालीं पडला म्हणजे फेरी संपे. अशा ७५ फेऱ्या, भर उन्हाळ्यांत, दोन तासांहून अधिक वेळ चालल्या. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांति सांगणारे क्वीन्सबरी नियम १८६७ सालींच प्रसिद्ध झाले होते. त्या नियमांखालीं सलिव्हन १८९२ सालीं जेम्स कॉर्बेटसमोर उभा राहिला आणि २१व्या फेरींत पडला. कॉर्बेट हा हलक्या पायांचा आणि डोकें चालविणारा मनुष्य होता. खेळच बदलला होता, आणि बदललेल्या खेळाचा राजा निराळा निघाला.

फेऱ्यांच्या संख्येचें महत्त्व याहूनहि मोठें आहे. १९१५ सालीं हॅवाना येथें जॅक जॉन्सन व जेस विलार्ड यांचा सामना ४५ फेऱ्यांचा ठरला होता आणि तो २६व्या फेरींत संपला. एवढा पल्ला ज्याला डोळ्यांपुढें ठेवावयाचा तो मनुष्य आपलें बळ कंजुषाच्या पैशासारखें जपून खर्च करणार. पुढें अजिंक्यपदाच्या झुंजी १५ फेऱ्यांवर आल्या. १९८२ सालीं लास व्हेगास येथें रे मॅन्सिनीशीं झालेल्या हलक्या वजनाच्या झुंजींत डुक कू किम हा कोरियन तरुण १४व्या फेरींत कोसळला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्यानंतर मर्यादा हळूहळू सर्वत्र १२ फेऱ्यांची झाली.

या तीन फेऱ्यांनीं इतिहास कसा बदलतो तें पाहण्यासारखें आहे. १८ जून १९४१ रोजीं बिली कॉन हा पुष्कळ हलका पण अत्यंत चपळ योद्धा जो लुईशीं लढला. १२ फेऱ्या संपल्या तेव्हां तीन गुणपत्रकांपैकीं दोन कॉनच्या बाजूचीं होतीं व तिसरें समसमान होतें. १३व्या फेरींत लुईनें त्याला पाडलें. २३ सप्टेंबर १९५२ रोजीं फिलाडेल्फिया येथें जर्सी जो वॉलकट गुणांत मार्सियानोच्या पुढें होता. १३व्या फेरींत मार्सियानोच्या उजव्या हाताचा एकच ठोसा बसला आणि अजिंक्यपद एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें. आजचा १२ फेऱ्यांचा नियम त्या काळीं असता तर लुईचें राज्य १९४१ सालींच खंडित झालें असतें, आणि ४९ झुंजींत ४९ विजय हा मार्सियानोचा निष्कलंक लेख कोरलाच गेला नसता. वोरोनरच्या यंत्रानें मार्सियानोला दोन्ही वेळां विजय दिला तोहि १३व्याच फेरींत. म्हणजे कोणी डेम्प्सी व उसिक यांची जोड लावूं पाहत असेल तर त्याला पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे कीं, झुंज कोणाच्या नियमांनीं व्हावयाची?

डेम्प्सीच्या बाबतींत तर आणखी एक नियम आड येतो. ४ जुलै १९१९ रोजीं टोलेडो येथें त्यानें विलार्डला पहिल्याच फेरींत सात वेळां पाडलें. विलार्ड उठण्याची धडपड करी तेव्हां डेम्प्सी त्याच्या डोक्यावरच उभा असे, आणि गुडघा जमिनीवरून सुटतांच पुढचा ठोसा बसे. पुढें प्रतिस्पर्धी पडल्यावर दूरच्या कोपऱ्यांत जाऊन उभें राहण्याचा नियम झाला. २२ सप्टेंबर १९२७ रोजीं शिकागो येथें डेम्प्सीनें जीन टनीला सातव्या फेरींत पाडलें, पण जुन्या संवयीनें तो तेथेंच घोटाळला. तो कोपऱ्याकडे जाईपर्यंत पंचानें मोजणी सुरू केली नाहीं. टनीला मिळालेले ते कांहीं अधिक सेकंद आजहि वादाचा विषय आहेत. टनी उठला, सांवरला आणि गुणांवर जिंकला. विलार्डला फोडून काढणारा डेम्प्सी हा त्या जुन्या नियमाच्या रिंगणांतला डेम्प्सी होता, हें विसरतां कामा नये.

नियमांच्या पाठोपाठ शरीराचा प्रश्न येतो. १८९७ सालीं कॉर्बेटला हरवून अजिंक्यपद मिळविणाऱ्या बॉब फिट्झसिमन्सचें वजन १६७ पौंडांच्या आसपास होतें. डेम्प्सी विलार्डसमोर १८७ पौंडांचा होता, मार्सियानोहि सुमारें १८५ पौंडांचा. १९७९–८० च्या सुमारास हेवीवेटच्या खालीं क्रूझरवेट हा नवा गट करण्यांत आला. त्याची मर्यादा आतां २०० पौंड आहे. आजच्या वर्गवारीप्रमाणें डेम्प्सी व मार्सियानो हे हेवीवेट ठरतच नाहींत. टायसन फ्यूरी हा ६ फूट ९ इंच उंचीचा योद्धा २६० पौंडांच्या वर वजन घेऊन रिंगणांत उतरला आहे. एवढ्या अंतरासमोर जुन्या वीरांचें काय चालणार, असें पुष्कळांना वाटतें.

परंतु वजन हें सर्वस्व नव्हे, याचे दाखले दोन्ही काळांत सांपडतात. विलार्ड ६ फूट ६ इंचांहून उंच आणि डेम्प्सीपेक्षां जवळजवळ ६० पौंडांनीं भारी होता. तीन फेऱ्यांनंतर तो पुढें लढूं शकला नाहीं. २००९ सालीं डेव्हिड हे यानें ७ फुटी निकोलाय व्हाल्युएव्हला गुणांवर हरविलें. १८ मे २०२४ रोजीं रियाध येथें ऑलेक्झांडर उसिकनें आपल्याहून जवळजवळ ४० पौंडांनीं भारी असलेल्या फ्यूरीचा पराभव केला. तथापि हा उसिकहि २२० पौंडांच्या वर होता, म्हणजे डेम्प्सीहून ३५ पौंडांनीं अधिक. लहान मनुष्य मोठ्याला हरवूं शकतो, हें खरें. पण ज्या मोठ्याला हालचाल करतां येत नाहीं त्याला हरविणें निराळें, आणि जो मोठा असून चपळ आहे त्याला हरविणें निराळें.

जुन्या चित्रफिती पाहून मत बनविणाऱ्यांनीं एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मूकपटांच्या काळांत कॅमेरा हातानें फिरविला जाई. सेकंदाला सुमारें १६ चित्रें घेतलेली फीत पुढें सेकंदाला २४ चित्रांच्या यंत्रावर चालविली म्हणजे सर्व हालचाल दीडपट वेगानें होते. त्यामुळें जुने वीर कळसूत्री बाहुल्यांप्रमाणें तुरुतुरु धांवतांना दिसतात, आणि नव्या पिढीला हंसूं येतें. तो दोष त्या माणसांचा नसून चरकाचा आहे. उलट फीतच नसल्यामुळें ज्यांच्या चुका कोणी पाहिल्या नाहींत, अशांची कीर्ति मात्र निर्वेध वाढत राहते.

यानंतर विचार करावयाचा तो लढण्याच्या तऱ्हेचा. पुष्कळांचा समज असा असतो कीं, अ हा ब ला हरवितो आणि ब हा क ला हरवितो, त्या अर्थीं अ हा क ला हरविणारच. अंकगणितांत हा न्याय खरा असेल. रिंगणांत तो खोटा ठरतो. १९७० नंतरच्या चार-पांच वर्षांनीं याचा जणूं धडाच घालून दिला आहे. ८ मार्च १९७१ रोजीं जो फ्रेझियरनें अलीला १५ फेऱ्यांत गुणांवर हरविलें. जानेवारी १९७३ मध्यें जमैकांत जॉर्ज फोरमननें त्याच फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळां पाडलें. मार्च १९७३ मध्यें केन नॉर्टननें अलीचा जबडा मोडून त्याच्यावर विजय मिळविला. आणि मार्च १९७४ मध्यें फोरमननें नॉर्टनलाहि दोन फेऱ्यांत निकालांत काढलें. या हिशेबानें फोरमनपुढें अली टिकावयास नको होता. पण ३० ऑक्टोबर १९७४ रोजीं किन्शासा येथें अली दोरांना टेकून राहिला, फोरमनला ठोसे मारून मारून दमूं दिलें, आणि आठव्या फेरींत त्याला लोळविलें. फ्रेझियर सतत पुढें घुसणारा होता. घुसणारा मनुष्य फोरमनच्या माऱ्याच्या टप्प्यांत आपण होऊन येई. अली टप्प्याबाहेर राहूं शके आणि टप्प्यांत असतांनाहि मार सोसूं शके. एकाचें बळ दुसऱ्याच्या उणीवेला कसें भिडतें यावर सर्व अवलंबून असतें. कुस्तीच्या फडांतहि ‘जोड’ पाहून कुस्ती लावतात ती याचकरितां.

दोन काळांची गांठ प्रत्यक्ष कधींच पडली नाहीं असें मात्र नव्हे. ४ जुलै १९१० रोजीं रेनो येथें जेफ्रीज निवृत्तींतून परतून जॉन्सनशीं लढला आणि १५व्या फेरींत हरला. पण तो जवळजवळ सहा वर्षें रिंगणाबाहेर होता. ऑक्टोबर १९५१ मध्यें २८ वर्षांच्या मार्सियानोनें ३७ वर्षांच्या जो लुईला आठव्या फेरींत दोरांबाहेर फेंकलें. कराच्या थकबाकीमुळें लुईला त्या वयांत लढणें भाग पडलें होतें. ऑक्टोबर १९८० मध्यें लॅरी होम्सनें ३८ वर्षांच्या अलीला असें झोडपलें कीं, दहाव्या फेरीनंतर झुंज थांबवावी लागली. या झुंजींनीं एवढेंच सिद्ध केलें कीं, तारुण्य म्हातारपणाला जिंकतें. आणि तें सिद्ध करण्यासाठीं रिंगणाची गरज नव्हती. म्हणूनच कोणाचीहि तुलना करतांना ‘केव्हांचा?’ हें आधीं ठरवावें लागतें. १९३८ सालीं श्मेलिंगला १२४ सेकंदांत गारद करणारा लुई एक, आणि १९५१ चा लुई दुसरा.

याला एक अपवाद आहे, आणि तो फार मोलाचा आहे. ५ नोव्हेंबर १९९४ रोजीं ४५ वर्षांचा जॉर्ज फोरमन, किन्शासांत घातलेलीच तांबडी विजार घालून, २६ वर्षांच्या मायकेल मूररसमोर उभा राहिला. नऊ फेऱ्यांपर्यंत तो गुणांत मागें होता. दहाव्या फेरींत त्याचा उजवा हात बसला आणि वीस वर्षांपूर्वीं गमावलेलें अजिंक्यपद त्याला परत मिळालें. जुन्या पिढीचा एक मनुष्य, तोहि आपल्या उत्तम काळानंतर वीस वर्षांनीं, नव्या पिढीच्या अजिंक्यवीराला पाडूं शकतो. तेव्हां ‘नवें तें सारें श्रेष्ठ’ हें मत जपूनच मांडलें पाहिजे.

या सर्व कसोट्या लावून एक जोड तपासून पाहणें उद्बोधक होईल. जो लुई १९३८ चा आणि अली १९६६–६७ चा, झुंज १५ फेऱ्यांची, असें समजूं या. लुईचीं पावलें लहान, हालचाल काटकसरीची, ठोसे आंखूड व सरळ. एक बसला कीं त्यापाठोपाठ तीन-चार बसत. त्याची उणीव मॅक्स श्मेलिंगनें १९३६ सालीं हेरली होती: डावा हात मारून मागें घेतांना तो खालीं येई, आणि त्यावरून श्मेलिंगचा उजवा हात जाई. चपळ पायांचा मनुष्य त्याला त्रास देई, हें कॉननें दाखविलें. अली कॉनहून ३५ पौंडांहून अधिक भारी आणि लुईपेक्षांहि उंच होता. त्याचा डावा हात लांब व वेगवान. या बाजूनें पाहतां पारडें अलीकडे झुकतें. पण अलीचीहि संवय धोक्याची होती. तो हात खालीं ठेवी व ठोसा चुकविण्यासाठीं मागें झुके. डाव्या हाताचा वळणदार ठोसा त्याला लागत असे. १९६३ सालीं हेन्री कूपरनें आणि १९७१ सालीं फ्रेझियरनें त्यानेंच त्याला पाडलें. पडलेल्याला उठूं द्यावें पण सांवरूं देऊं नये, ही कला लुईइतकी क्वचितच कोणाला साधली असेल.

तेव्हां विवेकी मनुष्य इतकेंच म्हणेल कीं, १५ फेऱ्या चालल्यास अली गुणांवर जिंकण्याचा संभव अधिक; परंतु त्या १५ फेऱ्यांतील प्रत्येक मिनिटाला लुईला एका संधीची आशा आहे. आणि दुसऱ्यांदां गांठ पडली तर? लुई दुसऱ्या भेटींत अधिक भयंकर होई. श्मेलिंग, कॉन व वॉलकट या तिघांचा हाच अनुभव. अलीनेंहि फ्रेझियर व नॉर्टन यांचे पराभव पुढें भरून काढले. दोघेहि शिकणारे होते. येथें वाद थांबवावा; यापुढें जें बोललें जाईल तें आवडनिवड होय.

आतां ज्या झुंजी होऊं शकत होत्या परंतु होऊं दिल्या नाहींत, त्यांच्याकडे वळलें पाहिजे. पीटर जॅक्सन हा कृष्णवर्णी योद्धा सलिव्हनच्या काळांत ऑस्ट्रेलियांतून अमेरिकेंत आला. काळ्या माणसाशीं आपण लढणार नाहीं, असें सलिव्हननें उघड सांगितलें होतें. २१ मे १८९१ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें जॅक्सन व कॉर्बेट ६१ फेऱ्या लढले. कोणीच कोणाला हटवीना, म्हणून झुंज निकालावांचून थांबविली. त्यानंतर १६ महिन्यांनीं त्याच कॉर्बेटनें सलिव्हनला हरवून जगज्जेतेपद मिळविलें. जॅक्सनला अजिंक्यपदासाठीं लढण्याची संधि कधींच मिळाली नाहीं. १९०१ सालीं तो मरण पावला.

जॅक जॉन्सनला ती मिळाली, ती टॉमी बर्न्सचा पाठलाग करीत ऑस्ट्रेलियापर्यंत गेल्यावर, डिसेंबर १९०८ मध्यें. रेनो येथें त्यानें जेफ्रीजला हरविलें त्या रात्रीं अमेरिकेंतील अनेक शहरांत दंगे झाले, माणसें मेलीं; आणि १९१२ सालीं मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत नेण्यास कायद्यानें बंदी झाली. १९१३ सालीं जॉन्सनवर खटला होऊन त्याला शिक्षा झाली. त्या शिक्षेची माफी मिळण्यास २०१८ साल उजाडावें लागलें. त्याच्या पराभवानंतर, म्हणजे १९१५ पासून १९३७ सालीं जो लुई जिंकेपर्यंत, २२ वर्षें एकाहि काळ्या हेवीवेटाला अजिंक्यपदासाठीं लढूं दिलें गेलें नाहीं. सॅम लँगफर्ड हा त्या काळचा एक थोर योद्धा, पण त्याच्या नशिबीं ती झुंज आली नाहीं. १९०६ सालीं त्याला हरविणाऱ्या जॉन्सननेंहि अजिंक्यपद मिळाल्यावर त्याला पुन्हां जवळ येऊं दिलें नाहीं. हॅरी विल्स वर्षानुवर्षें डेम्प्सीचा अव्वल प्रतिस्पर्धी म्हणून गणला गेला. सप्टेंबर १९२३ पासून सप्टेंबर १९२६ पर्यंत डेम्प्सीनें अजिंक्यपदाची एकहि झुंज दिली नाहीं. तरी तीन वर्षांच्या त्या मोकळ्या काळांतहि विल्सला रिंगण दिसलें नाहीं.

डेम्प्सी व लुई यांच्यामध्यें काळ उभा होता. त्याला कोणी दोष देऊं शकत नाहीं. डेम्प्सी व विल्स यांच्यामध्यें मात्र माणसें उभीं होतीं. तिकिटें विकणारे, परवाने देणारे, निकाल उलटा लागला तर काय होईल या भीतीनें गप्प बसणारे. म्हणून अजिंक्यवीरांची जी यादी पुस्तकांत छापली जाते ती पुरती विश्वसनीय मानतां येत नाहीं. सलिव्हन व डेम्प्सी यांचे पराक्रम खरे. पण सर्वांत कठीण प्रश्नपत्रिका त्यांना कधीं दिलीच गेली नाहीं. ज्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या दालनांत शिरूंच दिलें नाहीं, त्याला नापास म्हणणें हा न्याय नव्हे. आणि जो त्याच्या गैरहजेरींत पहिला आला, त्याच्या पहिलेपणाशेजारीं एक लहानसें प्रश्नचिन्ह राहणारच.

न झालेल्या झुंजींचा वाद घालणाऱ्यानें एवढीं पथ्यें पाळावीं. झुंज कोणत्या नियमांची, फेऱ्या किती, वीर कोणत्या वर्षींचे, हें आधीं सांगावें. एकाच्या विजयाचा आंकडा दुसऱ्याच्या आंकड्याशेजारीं ठेवण्यापूर्वीं त्यानें कोणाला हरविलें हें पाहावें. आपल्या तारुण्यांतल्या वीराला दोन गुण अधिक पडणारच, हें ओळखून ते आपणच वजा करावे. आणि यादी वाचतांना, ज्यांचीं नांवें यादींत येऊंच दिलीं नाहींत त्यांचींहि आठवण ठेवावी. डेम्प्सी आणि लुई यांचा निकाल कधींहि लागणार नाहीं, आणि त्यावांचून कोणाचें कांहीं अडलेलेंहि नाहीं. पीटर जॅक्सन व हॅरी विल्स यांना जी झुंज मिळावयास हवी होती तीहि आतां कोणी देऊं शकत नाहीं. मात्र ती त्यांना नाकारली गेली होती हें प्रत्येक पिढीला सांगतां येतें, आणि या वादांतून एवढें जरी टिकून राहिलें तरी तो फुकट गेला असें कोणी म्हणणार नाहीं.